साइड देण्याची गोष्ट : निळ्या झेंड्याचा इतिहास

११ सप्टेंबर १९८८ रोजी मोंझा येथे इटालियन ग्रां प्री शर्यतीच्या अवघ्या दोन फेऱ्या उरल्या असताना आयर्टन सेना आघाडीवर होता. त्या वर्षी मॅकलारेनच्या गाड्यांनी तोवरची प्रत्येक शर्यत जिंकली होती आणि हीही त्यांचीच होणार याबद्दल फारशी शंका उरली नव्हती. पहिल्या वळणापाशी सेनासमोर एक विल्यम्स गाडी आली. तिचा चालक जाँ-लुई श्लेसर आजारी नायजेल मॅन्सेलच्या जागी त्या एकाच शर्यतीसाठी आला होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या श्लेसरची फॉर्म्युला वनमधली ही पहिली आणि अखेरची शर्यत. त्याने वाट द्यायचे ठरवले, ब्रेक जास्त लागले, चाके जाम झाली आणि गाडी बाहेरच्या बाजूला सरकली. सेनाला वाटले, याने साइड दिली. तो आत वळला. तेवढ्यात श्लेसरने गाडी सावरली आणि तोही वळला. सेनाची गाडी कडेच्या उंचवट्यावर अडकून पडली आणि फेरारीचे बर्गर व अल्बोरेतो पहिले-दुसरे आले. एन्झो फेरारींच्या मृत्यूला तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्या मोसमातल्या सोळा शर्यतींपैकी मॅकलारेनने गमावलेली ही एकमेव शर्यत.

ही हकीकत बहुधा दैवगतीचा नमुना म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखकाला तीत निराळेच काही दिसते. श्लेसरने अडवणूक केली नव्हती. तो सौजन्याने वागत होता, आणि ते सौजन्य करताना आपण नेमके काय करणार आहोत हे त्याला पलीकडच्या माणसाला कळवता आले नाही. मोटार शर्यतीत पूर्ण एका फेरीने मागे पडलेल्या चालकाने आघाडीच्या चालकाशी कसे वागावे, या प्रश्नाचा शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात उद्धटपणाने झालेले अपघात आहेतच, परंतु अतिनम्रतेने झालेले अपघातही कमी नाहीत. आज संगणकावर, आंतरजालाद्वारे एकमेकांशी जोडले जाऊन शर्यती खेळणाऱ्या लोकांनी ('सिम रेसिंग' या नावाने हा छंद ओळखला जातो) या जुन्या प्रश्नाचे जे उत्तर शोधले आहे, ते या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर पाहिले तरच नीट उमगते.

आरंभी हा प्रश्न नव्हताच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या शर्यती एका शहरातून दुसऱ्या शहरापर्यंत होत. गाड्या ठरावीक अंतराने सोडल्या जात. तिथे फेरीच नव्हती, मग फेरीने मागे पडणे कोठून येणार? मात्र मागून येणाऱ्या वेगवान गाडीने पुढच्या मंद गाडीला ओलांडणे होतेच, आणि तेही धुळीच्या लोटात. मे १९०३ मधील पॅरिस-माद्रिद शर्यतीत मार्सेल रेनो अशीच पुढची एक गाडी ओलांडण्याच्या प्रयत्नात कूए-वेराक येथे रस्त्याबाहेर गेला आणि त्या जखमांनी मरण पावला. इतरही अनेक बळी गेले आणि ती शर्यत बोर्दो येथेच थांबवण्यात आली. पुढच्याला मागचा दिसत नव्हता आणि मागच्याला रस्ता दिसत नव्हता. हे 'न दिसणे' ध्यानात ठेवावे, कारण ते पुढे निरनिराळी रूपे घेऊन पुनःपुन्हा येणार आहे.

त्यापूर्वीच, १९०२ मध्ये, बेल्जियममधील आर्देन प्रदेशात सुमारे ८५ किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गावर फेऱ्यांची शर्यत झाली होती. शहरांदरम्यानच्या शर्यती बंद पडल्यावर हाच प्रकार रूढ झाला. मार्ग मिटलेला असला की वेगवान गाडी केव्हा ना केव्हा मंद गाडीच्या पाठीशी येऊन उभी राहणारच. ही भेट अपघाताने होत नाही. शर्यतीच्या भूमितीतच ती लिहिलेली असते. आणि या भेटीत एक विलक्षण गोष्ट आहे, ती म्हणजे हे दोघे एकमेकांशी स्पर्धाच करत नसतात. आघाडीवाल्याचे भांडण दुसऱ्या क्रमांकाशी आणि पिछाडीवाल्याचे त्याच्या पुढच्या-मागच्याशी. दोन निराळ्या शर्यती एकाच रस्त्यावर एकाच वेळी चालू असतात. मग रस्ता कोणाचा?

निळा झेंडा हे या प्रश्नाचे उत्तर मानले जाते, परंतु झेंड्याचा अर्थ काय यावरच दोन संप्रदाय आहेत. पहिल्याच्या मते झेंडा ही सूचना आहे : मागे वेगवान गाडी आली आहे, भान ठेवा. दुसऱ्याच्या मते ती आज्ञा आहे : बाजूला व्हा. स्थूलमानाने अमेरिकेने पहिला अर्थ धरला. तिकडचा झेंडा निळा असून त्यावर तिरका पिवळा पट्टा असतो, आणि नॅसकार शर्यतींत तो सल्ल्यापुरताच आहे. फॉर्म्युला वनने उत्तरोत्तर दुसरा अर्थ कडक करत नेला. अलीकडच्या वर्षांत तेथे मागची गाडी तीन सेकंदांच्या आत आली की पुढच्या संघाला पूर्वसूचना मिळते, आणि अंतर १.२ सेकंदांपर्यंत उतरले की निळे झेंडे, निळे दिवे आणि चालकाच्या कक्षातील निळा दिवा असा सगळा लवाजमा सुरू होतो. त्यानंतर पहिल्या संधीला वाट दिली नाही तर दंड.

यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. गाडीमागच्या गढूळ हवेत मागच्या गाडीची पकड कमी होते, त्यामुळे दुप्पट वेगवान चालकही आडकून पडू शकतो, आणि एखाद्या तिऱ्हाइतामुळे विजेतेपदाचा निकाल फिरावा हे कोणालाच रुचत नाही. परंतु याच्या पोटात एक गृहीत हळूच शिरले : मागे पडलेला चालक हा शर्यतीचा घटक उरलेला नसून शर्यतीतला अडथळा आहे. किती मंद असलेले चालेल याचेही मोजमाप आले. १९९६ पासून पात्रता फेरीतील सर्वोत्तम वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत न येणाऱ्याला शर्यतीतून वगळण्याचा नियम लागू झाला, मध्यंतरी तो मागे पडला, आणि २०११ मध्ये परत आला. या दृष्टीचा कळस म्हणता येईल असा प्रसंग १२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबीत घडला. सुरक्षा गाडीमागे रांग लागलेली असताना हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन यांच्या मधल्या पाचच मागे पडलेल्या गाड्यांना पुढे जाऊ दिले गेले, बाकीच्यांना नाही, आणि शेवटच्या एका फेरीत जगज्जेतेपद बदलले. नंतर नियमाच्या भाषेत दुरुस्ती झाली. पण त्या उरलेल्या, परवानगी न मिळालेल्या चालकांच्या शर्यतीचे काय झाले याची चर्चा मात्र जवळजवळ कोणी केली नाही. असो.

वाट देण्याच्या आज्ञेतला धोका सर्वांत ठसठशीतपणे दिसला तो बेल्जियममधील स्पा येथे, ३० ऑगस्ट १९९८ रोजी. मुसळधार पाऊस. मायकेल शूमाकर अर्ध्या मिनिटाहून अधिक आघाडीवर होता आणि मागे पडलेल्या डेव्हिड कूल्टहार्डला गाठून त्याच्या पाठी लागला होता. कूल्टहार्ड हा त्या वर्षीच्या त्याच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याचा संघसहकारी; साहजिकच मनात संशय. वाट द्यावी अशी सूचना कूल्टहार्डला मिळाली. त्याने ती पाळली. पाय उचलून गाडीचा वेग कमी केला, पण गाडी राहिली शर्यतीच्या मूळ रेषेवरच. मागे उडणाऱ्या पाण्याच्या भिंतीत शूमाकरला काहीच दिसत नव्हते आणि तो सरळ जाऊन आदळला. तीन चाकांवर गाडी परत आणून तो तावातावाने मॅकलारेनच्या गाळ्यात शिरला. लोकांनी मध्ये पडून त्याला आवरले. डेमन हिल जिंकला, जॉर्डन संघाचा तो पहिला विजय. शूमाकरचा आरोप हेतूचा होता, पण हेतू बहुधा स्वच्छच असावा. पुढे २००३ मध्ये कूल्टहार्डने स्वतःच मान्य केले की तशा पावसात रेषेवर राहून वेग कमी करणे ही आपली चूक होती. १९०३ मधली धूळ येथे पाण्याच्या रूपाने परत आली होती, एवढेच. श्लेसरप्रमाणे कूल्टहार्डनेही साइड दिली होती. फक्त ती कोणती साइड, हे मागच्याला कळले नाही.

मराठी वाचकांपैकी ज्यांनी हा खेळ नारायण कार्तिकेयनमुळे पाहायला सुरुवात केली, त्यांच्या स्मरणात २५ मार्च २०१२ ची मलेशियातील शर्यत असेल. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला हा पहिला भारतीय तेव्हा एचआरटी या तळाच्या संघाकडून गाडी चालवत होता. आदल्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियात त्या संघाच्या दोन्ही गाड्या १०७ टक्क्यांच्या नियमात अडकून शर्यतीबाहेर राहिल्या होत्या. सेपांगमध्ये पाऊस थांबून रस्ता वाळत होता. अशा वेळी वाळलेली पट्टी अरुंद असते आणि तिच्याबाहेर पाऊल टाकणे म्हणजे घसरगुंडी. चौथ्या क्रमांकावरील सेबास्टियन फेटल त्याला ओलांडून गेला, आणि जाता जाता त्याचे मागचे चाक कार्तिकेयनच्या गाडीच्या पुढच्या पात्याला घासून फाटले. फेटलला एकही गुण मिळाला नाही. त्याने नंतर कार्तिकेयनविषयी जे शब्द वापरले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. पंचांनी कार्तिकेयनच्या वेळेत वीस सेकंद वाढवले. त्या वर्षी फेटल विजेता झाला तो अलोन्सोहून केवळ तीन गुण अधिक मिळवून, हे पाहता त्याचा संताप समजतो. तरीही त्या दृश्याकडे पुन्हा पाहताना प्रश्न पडतोच : जो ओलांडून जात होता, पुरेशी जागा ठेवण्याची जबाबदारी त्याची किती? नियमाने सगळा भार एका खांद्यावर टाकला की दुसरा खांदा आपोआप मोकळा होतो.

ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हे ओझे निराळ्या रीतीने वाटले गेले आहे. तेथे मुळातच वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या एकत्र धावतात, ओलांडणे दर मिनिटाला चालू असते, आणि मंद गाडी स्वतःच्या वर्गात पहिलीही असू शकते. वेगातील तफावतीचा दाहक धडा या मार्गाने ११ जून १९५५ रोजी घेतला होता, जेव्हा एका मंद गाडीने अचानक बाजू बदलली, मागून आलेली मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. तेव्हापासून रुजलेला तेथला अलिखित संकेत असा : मंद चालकाने आपली रेषा सोडू नये, वेगवान चालकाने दिव्यांची उघडझाप करून आपण आल्याचे सांगावे आणि वाट स्वतः शोधावी. संकेत असला तरी अपघात व्हायचे ते होतातच. २०११ मध्ये ऑडीच्या तीनपैकी दोन गाड्या मंद वर्गातल्या फेरारींशी टक्कर होऊन चक्काचूर झाल्या आणि उरलेल्या एकीने चौदा सेकंदांहूनही कमी फरकाने शर्यत जिंकली.

अमेरिकेतली कथा अधिक मानवी आहे. नॅसकारमध्ये अपघात होऊन पिवळा झेंडा निघाला तरी पूर्वी समाप्तिरेषेपर्यंतचे स्थान मोजले जाई. म्हणजे एका फेरीने मागे असलेला चालक तेवढ्या अवधीत आघाडीवाल्याला गाठून आपली गेलेली फेरी परत मिळवू शके. यातून एक सभ्य चाल निर्माण झाली : अपघातानंतर आघाडीवाल्याने जीव तोडून पळू नये, आणि मर्जी असेल तर एखाद्या मागे पडलेल्याला पुढे जाऊ द्यावे. आज मी तुला फेरी परत देतो, उद्या तू मला अडवू नकोस. ही उधारी-उसनवारी वर्षानुवर्षे चालली. सप्टेंबर २००३ मध्ये न्यू हॅम्पशायर येथे डेल जॅरेटची गाडी अपघातानंतर सरळ रस्त्यावर मध्येच बंद पडली आणि तिच्या दिशेने पूर्ण वेगात गाड्यांचा जथा आला. अनर्थ टळला. पुढच्याच शर्यतीपासून झेंडा निघताच सर्वांची स्थाने गोठवण्याचा नियम झाला, आणि मागे पडलेल्यांपैकी पहिल्याला एक फेरी आपोआप परत देण्याची तरतूद आली. जी गोष्ट ओळखीवर आणि शब्दावर चालत होती, ती नियमाने चालू लागली. सुरक्षितता वाढली हे निःसंशय. पण ज्याला फेरी मिळते त्याने कोणाचे आभार मानायचे हा प्रश्न मात्र संपला.

आता संगणकाकडे वळू. डेव्ह केमर यांनी सहकाऱ्यासह स्थापलेल्या पॅपिरस या अमेरिकन कंपनीने १९८९ मध्ये इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीची संगणकीय प्रतिकृती काढली, आणि १९९८ मध्ये 'ग्रां प्री लेजंड्स' हा १९६७ च्या मोसमावरचा, गाड्या विलक्षण निसरड्या असलेला खेळ. लोक मोडेमवरून एकमेकांशी जोडले जाऊन तो खेळत. पुढे २००४ मध्ये केमर यांनी जॉन हेन्री यांच्याबरोबर नवी संस्था काढली आणि २००८ मध्ये 'आयरेसिंग' ही सेवा लोकांसाठी खुली झाली. येथे अनोळखी माणसे दिवसभर एकमेकांशी शर्यती करतात. स्पामधला कूल्टहार्ड शूमाकरला निदान ओळखत तरी होता. इथे समोरचा एक नाव आणि एक क्रमांक.

आणि इथेही 'न दिसणे' आहेच. एका पडद्यासमोर बसलेल्या माणसाला मान वळवून शेजारी पाहता येत नाही. आरशाचा चौकोन लहान. पण याहून गहन गोष्ट निराळी आहे. प्रत्येकाच्या संगणकावर दुसऱ्याची गाडी दिसते ती खरोखर जिथे आहे तिथे नव्हे. तिच्या स्थानाची खबर जालावरून यायला सेकंदाचा काही अंश लागतो, आणि मधल्या काळात संगणक अंदाजाने ती पुढे सरकवत असतो. ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात सुमारे सात मीटर कापते, म्हणजे स्वतःच्या लांबीहून अधिक. जोवर गाडी होती तशीच चालते आहे, तोवर हा अंदाज बरोबर येतो. चालकाने एकाएकी ब्रेक लावला वा बाजू बदलली की तो चुकतो. तेव्हा वाट द्यायची म्हणून जो भला माणूस रेषेवरच वेग कमी करतो, तो मागच्याच्या पडद्यावर क्षणभर अजून पूर्ण वेगात पळत असतो, आणि मग अचानक नाकासमोर येतो. श्लेसर आणि कूल्टहार्ड यांच्या बाबतीत जे घडले ते इथे यंत्राच्या रचनेतच बसवलेले आहे. आज्ञा म्हणून निळा झेंडा इथे का चालत नाही याचे याहून नेमके कारण मला सापडलेले नाही.

म्हणून या जगाचा शिष्टाचार अमेरिकन वळणाचा झाला. आयरेसिंगमध्ये निळा-पिवळा झेंडा दिसतो तो सूचना म्हणून. बाजूला झाला नाही म्हणून आपोआप शिक्षा होत नाही. जाणते खेळाडू नवख्याला एकच गोष्ट बजावतात : आपली रेषा धर, मागच्याला वाट शोधू दे. वाट द्यायचीच असेल तर सरळ रस्त्यावर, आधी एका बाजूला ठाम होऊन आणि मगच पाय उचलून; वळणाच्या तोंडाशी कदापि नाही. अडवायचे मात्र नाही, कारण तुझे त्याच्याशी भांडण नाही. याला जोड मिळाली ती दोष न ठरवणाऱ्या गुणपद्धतीची. दोन गाड्यांची जोरदार टक्कर झाली की चूक कोणाची हे न पाहता दोघांच्याही खात्यात अपघाताचे गुण चढतात आणि दोघांचीही सुरक्षिततेची पत घसरते. प्रथमदर्शनी हा अन्याय वाटतो, आणि प्रत्येक नवखा त्याविरुद्ध चिडून लिहितोच. पण त्याचा परिणाम असा झाला की ओलांडणाऱ्याचा खांदाही ओझ्याखाली आला. हे गुण चढवताना पंच नाही, चौकशी नाही, तेव्हा 'त्याने मला वाट द्यायला हवी होती' या वाक्याला बाजारात किंमत उरली नाही. आघाडीवाला दोन वळणे थांबायला शिकला. फॉर्म्युला वनच्या धर्तीवर चालणारे काही खाजगी संघ अजूनही झेंड्याची आज्ञा नियमावलीत लिहितात. काही खेळांनी तर मागे पडलेल्या गाडीला भूतच करून टाकले, म्हणजे तिच्या आरपार जाता येते. हा शेवटचा उपाय सोपा आहे खरा, परंतु ज्याच्या आरपार जाता येते तो त्या शर्यतीत आहे असे म्हणणे कठीण.

हा शिष्टाचार किती नाजूक आहे हे दिसले ते २ मे २०२० रोजी, तेही खऱ्या चालकांकडून. टाळेबंदीमुळे इंडीकारने आपली मालिका आयरेसिंगवर भरवली होती आणि त्या दिवशी आभासी इंडियानापोलिसवर शर्यत होती. फॉर्म्युला वनचा तरुण चालक लँडो नॉरिस पाहुणा म्हणून आला होता आणि जिंकण्याच्या स्थितीत होता. आधीच्या एका धक्क्यात त्याच्याशी टक्कर होऊन मागे पडलेला सिमों पाजनो, २०१९ चा खऱ्या पाचशे मैलांचा विजेता, थोड्याच फेऱ्या उरल्या असताना त्याच्या पुढे आला आणि त्याने वेग कमी केला. नॉरिस त्याच्यावर आदळला. त्यापूर्वी नॉरिसला बाद करण्याविषयीचे पाजनोचे बोलणे त्याच्या स्वतःच्याच थेट प्रक्षेपणात लोकांनी ऐकले होते. त्याला फक्त थोडे मागे खेचायचे होते, असे त्याने नंतर सांगितले. ज्या कृतीने कूल्टहार्डने वाट दिली, तंतोतंत त्याच कृतीने पाजनोने वाट अडवली : रेषेवर राहून पाय उचलणे. प्रक्षेपणातले ते बोलणे कोणी ऐकले नसते, तर केवळ पडद्यावरच्या चित्रावरून या दोहोंतला फरक कोणालाच सांगता आला नसता.

शेवटच्या फेरीत आणखी एक धडक झाली आणि स्कॉट मॅकलॉफ्लिन जिंकला. त्याने तोवर खऱ्या इंडीकारच्या एकाही शर्यतीत भाग घेतलेला नव्हता.